दगडाखालचा तुकडा

आमच्या कारखान्यात मला नाव नाही. म्हणजे कुठल्यातरी कागदावर असेल. पण सासरे मला ‘जावईबापू’ म्हणतात, म्हणून सहाही कारागीर जावईबापू म्हणतात, पोस्टमन म्हणतो, आणि एकदा दंतवैद्याच्या दारात माझ्या खऱ्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा कोण हा बेजबाबदार माणूस, नंबर लावून गेला कुठे, म्हणून मी इतरांबरोबर इकडेतिकडे बघत बसलो होतो.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. तिथे कातड्यावर नक्षी कोरतात. घोड्यांची खोगिरं, जाड वह्यांची वेष्टनं, खुर्च्यांच्या पाठी. सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, मी मामा म्हणतो. त्यांच्याखालोखाल हात माझ्या मेव्हणीचा, तिला सगळे धाकटी म्हणतात. ती आता चाळिशी ओलांडून गेली आहे, पण आमच्याकडे एकदा पडलेलं नाव पडतं.

माझं काम धारेचं. या कामाची सुरी फळं कापायच्या सुरीसारखी नसते. बोटाएवढी जाड दांडी, तिच्या डोक्यावर तर्जनी टेकायला छोटंसं खोगीर आणि खाली नखाएवढं पातं. तर्जनीने दाबायचं, अंगठा आणि दोन बोटांनी दांडी फिरवायची आणि ओलसर कातड्यावरून सुरी ओढत न्यायची. धार आरशासारखी असेल तर पातं लोण्यातून गेल्यासारखं जातं. धार गेली की ते कापत नाही, कातड्याशी हुज्जत घालतं. कडेच्या रेघेला रुंद पातं, पाकळीला तिरकं, घोड्याची आयाळ दाखवायला दात्यांचं केसपातं. सुरी हातातून पडली तर पात्यावरच पडते, आणि पडली की कोपरा उडतो. मग ती माझ्याकडे येते.

माझ्याकडे म्हणजे जिन्याखाली. घर वरच्या मजल्यावर, कारखाना खाली, आणि दोघांना जोडणाऱ्या जिन्याच्या पोटात माझी खोली. उंची दाराशी सहा फूट आणि मी बसतो तिथे साडेचार. त्यामुळे मी डावीकडे मान कलती करून बसतो. समोर भिंत, भिंतीत एक झरोका, झरोक्याला फळी. बोथट सुरी त्या फळीवर येते, धार लावलेली त्याच फळीवरून जाते. माझ्यापुढचं टेबल बिजागरीचं आहे. बाहेर पडायचं तर पाण्याचं तबक आधी मांडीवर घ्यावं लागतं, मग टेबल वर करावं लागतं, मग मांडीवर तबक असल्यामुळे उठता येत नाही. हे कोडं सुटायला मला पहिल्या वर्षी सहा महिने लागले. तर्कशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या माणसाला तेवढे लागतातच.

असा मी अठरा वर्षं बसलो असताना एक पत्र आलं. दुसऱ्या शहरात शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारखाना आहे, तिथे धार विभागाचा प्रमुख म्हणून माझी निवड झाली होती. वयाची अट अठ्ठेचाळीसच्या आत. मला अठ्ठेचाळीस पुढच्या महिन्यात लागणार होतं. एक तारखेला हजर व्हायचं, हातात बारा दिवस. आणि प्रमुखाच्या खोलीला खिडकी होती, हे पत्रात नव्हतं, पण बायकोने फोन करून विचारून घेतलं होतं. मुळात अर्जही तिनेच केला होता. मी सही केली होती.

“सांगितलंत का बाबांना?” तिने विचारलं.

“आज सांगतो.”

“कालही आजच सांगणार होतात.”

“काल म्हणालो तो आज म्हणजे—”

“तर्कशास्त्र नको.” ती खोक्याला दोरी बांधत होती. “बायका लग्न होऊन सासरी जातात. मी कुठे गेले? जिना चढून वर आले. अठरा वर्षं माहेरीच नांदतेय. सासू नाही, सासरा नाही, रुसून जायला माहेरसुद्धा नाही. भांडले तर जायचं कुठे, खालच्या मजल्यावर?”

मी दोरीच्या गाठीवर बोट धरलं.

सांगायचं मी टाळत होतो त्याचं कारण होतं एक तुकडा.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांनी मला धारेचं काम दिलं. सुरी ज्यात पकडायची त्या चिमट्याला दोन चाकं असतात, त्याला आम्ही गाडी म्हणतो. पात्याची कड दगडावर टेकते, गाडीची चाकं टेबलावर फिरतात. दगड किती उंच, यावर धारेचा कोन ठरतो. पात्याची एक बाजू घासायची, पातं उलटायचं, दुसरी घासायची. दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात, यात सगळं आलं.

त्या दिवशी एक बाजू घासून झाली आणि दगड डगडगायला लागला. मी कातड्याचा एक तुकडा घेतला, दगडाखाली सारला, दगड शहाण्यासारखा स्थिर झाला, आणि मी दुसरी बाजू घासली. म्हणजे दुसरी बाजू तुकड्याच्या जाडीइतक्या उंचीवरून घासली गेली. हे मला तेव्हा कळलं नाही. पातं आरशासारखं चमकत होतं आणि मी त्यात माझंच तोंड बघत होतो.

आठवड्याच्या शेवटी मास्तरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, “जावईबापूंसारखी धार आजवर या कारखान्यात कुणी लावली नव्हती.” हे अक्षरशः खरं होतं.

पुढे महिनाभराने गाडीच्या खोक्यात तिची माहितीपुस्तिका सापडली. त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की दोन्ही बाजू घासताना दगडाची उंची बदलू नये. मी ती पुस्तिका परत घडी करून ठेवली. चारचौघांत ज्या धारेचं कौतुक झालं ती बदलणार कशी? तोवर सगळ्या सुऱ्या मी तशाच लावल्या होत्या. एका बाजूला कमी कोन असलेलं पातं कातड्यात सरळ उतरत नाही, तिरकं घुसतं. काप उभा पडायचा तर मनगट उजवीकडे कलतं करावं लागतं. सहाही कारागिरांची मनगटं उजवीकडे कलली होती. तेव्हापासून मी रोज एक बाजू तुकड्याशिवाय घासतो आणि एक तुकड्यासकट, आणि तो तुकडा कुणी बघू नये म्हणून जेवायला जाताना खिशात घालून नेतो.

पुढे एका प्रदर्शनात आमच्या कारागिरांनी प्रात्यक्षिक दिलं. तिथे एका समीक्षकाने लिहिलं की या घराण्याचं कललेलं मनगट म्हणजे माध्यमापुढे कलावंताने नम्र होणं आहे. लेख चौकट करून कारखान्यात लावला आहे. मी तो बघायचं टाळतो.

तर अशा ठिकाणाहून जायचं कसं? माझ्या जागी कुणीही शहाणा माणूस बसला तर तो धार सरळ लावणार. धार सरळ झाली की सहा मनगटं एकदम वाकडी ठरणार. आणि समोर कुठलं काम होतं? नगराध्यक्षांच्या खुर्चीची पाठ. मधोमध नगराचं बोधचिन्ह, भोवती वेलबुट्टी, मुदत एक तारीख.

शेवटी बायकोने जिन्यावर उभं राहून टाच तीनदा आपटली, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर, तेव्हा मी तबक मांडीवर घेतलं.

“उत्तम,” मास्तर म्हणाले. “खिडकी आहे म्हणता? मग तर फारच उत्तम. तुम्ही आमची काळजी करू नका.”

“धारेचं काय करायचं, मामा?”

“गल्लीत धारवाला येतो की.”

धारवाला दुसऱ्याच दिवशी आला. कात्र्या, विळ्या, खाटकाच्या सुऱ्या लावणारा माणूस. त्याने मास्तरांचं तिरकं पातं उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, “कुणी लावलं हे?”

झरोक्याआड मी पाण्याच्या तबकाकडे बघत होतो.

“आंधळा होता का?”

“तुम्ही तुमचं काम करा,” धाकटी म्हणाली.

त्याने केलं. अर्ध्या तासात पातं दोन्ही बाजूंनी सारखं झालं. इतकी चांगली धार मी कधी लावली नसेल. मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवरची एक पाकळी घेतली, मनगट कललं, सुरी ओढली. काप तिरका जाऊन कड खालून पोखरली गेली, आणि पाकळीचा कोपरा सुटून वर उभा राहिला, जुन्या भिंतीवरचा रंग सुटतो तसा. मास्तरांनी तो बोटाने खाली बसवला. तो परत उठला.

“जावईबापूंशिवाय नाही जमायचं,” एक कारागीर म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. धारवाला आपलं सामान आवरून, आम्हा सगळ्यांकडे वेड्यांच्या इस्पितळाकडे बघतात तसं बघून निघून गेला.

पाकळी डिंकाने बसली. मी मात्र बसू शकलो नाही. दहा दिवस उरले होते. मी खिशातून तुकडा काढला आणि मास्तरांच्या पाटासमोर जाऊन उभा राहिलो.

“मामा, एक सांगायचं होतं.”

“तुकड्याचं का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

तुकडा तळहातावर होता, घामाने काळा झालेला.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तिसऱ्या दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

“जावयाला? पहिल्याच आठवड्यात?” मी काही अचकटविचकट सुचवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हटलं शिकलेले आहेत, महिनाभरात कळेल त्यांचं त्यांना.”

“महिनाभरातच कळलं होतं.”

“मग बदललं का नाहीत?”

“तुम्ही चारचौघांत कौतुक केलं होतंत.”

“ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

आम्ही दोघेही समोरच्या चौकटीतल्या लेखाकडे बघत राहिलो.

“चला, झालं एकदाचं,” धाकटी पाठीमागून म्हणाली. “भाऊजी, सगळ्यांना माहीत आहे. नवा कारागीर आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला दोन गोष्टी सांगतो. मनगट उजवीकडे ठेवायचं, आणि झरोक्यातून काही विचारायचं नाही.”

“आणि तू? तुझा हात?”

“माझं एक सरळ पातं आहे वर, कपाटात. घरचं काम त्याच्यावर करते. मला दोन्हीकडून येतं. इकडे आले की मनगट वाकडं, वर गेले की सरळ. सवय होते.”

अठरा वर्षं मी समजत होतो की मी उठलो तर हे सगळे बुडतील. ते समजत होते की त्यांनी मनगट सरळ केलं तर मी बुडेन. आता कुणालाच कुणासाठी काही करायची गरज उरली नव्हती, आणि त्यामुळे सगळेच ओशाळल्यासारखे झाले होते. एकाने उगाच चहा ठेवला.

मार्ग सोपा होता. तुकडा कसा वापरायचा ते धाकटीला शिकवायचं. ती खुर्चीचं काम होईपर्यंत तशीच धार लावेल, मग बाकीचे हळूहळू सरळ होतील, मी एक तारखेला हजर होईन. बायकोने दुसरं खोकं खाली ओढलं.

धाकटी माझ्या जागी बसली. मी बाहेर उभा राहून सांगत गेलो. ही बाजू तुकड्याशिवाय. आता उलट. आता तुकडा. दाब एवढा. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, तिने मी केलं तसंच केलं. मास्तरांनी पातं लावून एक रेघ ओढली आणि सुरी खाली ठेवली.

“वाकडं आहे,” ते म्हणाले, “पण आपलं नाही.”

परत केलं. परत आपलं नव्हतं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं. धाकटी बुटकी आहे. जिन्याखाली तिचं डोकं वर टेकत नाही, ती ताठ बसते, आणि तिचा भार दगडावर दोन्हीकडे सारखा पडतो. माझी मान अठरा वर्षं डावीकडे, खांदा डावीकडे, भार डावीकडे. धारेतला निम्मा वाकडेपणा तुकड्याचा होता, निम्मा जिन्याचा.

“मान कलती करून बघ,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तबक मांडीवर घेतलं, टेबल वर केलं, आणि ज्या कोड्याला मला सहा महिने लागले ते एका झटक्यात सोडवून, म्हणजे तबकातलं पाणी जमिनीवर ओतून, बाहेर आली.

“मी पुन्हा आत बसणार नाही, भाऊजी. राग मानू नका. या खोलीत बसलेलं माणूस बाहेर येत नाही. मी बघितलंय.”

मला राग आला नाही. तिचं बरोबर होतं. माझ्या सुटकेसाठी तिने मान वाकडी करावी, असं मी एवढा शिकलेला माणूस सुचवत होतो.

“कुणालाच बसायला नको,” मास्तर म्हणाले. “धार सरळ लावा, जावईबापू. आम्ही मनगटं सरळ करतो. त्यात काय आहे?”

मी तुकडा बाजूला ठेवला आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा माहितीपुस्तिकेप्रमाणे धार लावली. मान वाकडी होती म्हणून उजव्या बाजूला जास्त दाब दिला, धारवाल्याच्या पात्याशी ताडून बघितलं, जमलं. सहाही कारागिरांची मनगटं तीन दिवसांत सरळ आली. एक तर म्हणाला, खांदा दुखायचा तो थांबला. मग जीभ चावून झरोक्याकडे बघितलं.

राहिले मास्तर. त्यांचं वय त्र्याहत्तर.

ते रद्दी कातड्यावर सराव करत. झरोक्यातून मला त्यांचा फक्त उजवा हात दिसायचा. मनगट सरळ करून ते रेघ सुरू करायचे, बोटभर सरळ जायची, मग मनगट आपलं आपण कलायचं, घरी परतणाऱ्या जनावरासारखं, आणि काप पोखरत जायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं. मग रेघ सरळ आली, पण थरथरत. तिसऱ्या दिवशी ते रद्दीचे तुकडे केराच्या डब्यात न टाकता आपल्या पिशवीत भरताना दिसले, कुणी मोजू नयेत म्हणून.

“कसं चाललंय, मामा?” मी विचारलं.

“झकास. तुम्ही तयारीला लागा.”

खुर्चीच्या पाठीवरची वेलबुट्टी बाकीच्यांनी पुरी केली होती. मधलं बोधचिन्ह कोरं होतं. ते मास्तरांनीच कोरायचं, हे ठरलेलं होतं. धाकटीने एकदा “मी करू का?” विचारलं, तेव्हा ते इतकं मोकळं हसले की तिने पुन्हा विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांची सुरी झरोक्याच्या फळीवर आली. टक्. वर सामान बांधून तयार होतं, तिकिटं बायकोच्या पर्समध्ये होती. मी एक बाजू घासली. पातं उलटलं. तुकडा कोनाड्यात पडला होता, आठवडाभरात सुकून जरा आखडला होता. मी तो पाण्यात बुडवला, दगडाखाली सारला, मान जिन्याला टेकवली आणि दुसरी बाजू घासली. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवं पॉलिश लावून धार आरशासारखी केली आणि सुरी फळीवर ठेवली. काही बोललो नाही. बोलायचं नाही हा नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

मास्तरांनी सुरी उचलली. बोधचिन्हाच्या कडेला एक नखभर रेघ ओढली आणि थांबले. एक श्वास घेतला असेल. मग तर्जनी खोगिरावर नीट बसली, मनगट उजवीकडे कललं, आणि सुरी चालायला लागली. बोधचिन्हातला पूल झाला, पुलाखालचं पाणी झालं, पाण्यातली होडी झाली. कुणी हलत नव्हतं. सहाही जण सरळ मनगटं घेऊन बघत होते.

“जमलं!” मास्तर मोठ्याने म्हणाले. “सरळ धारेवर जमलं. बघा.”

सगळ्यांनी बघितलं. त्यांचं मनगट अजून कललेलंच होतं.

“फार सुंदर, मास्तर,” एक कारागीर म्हणाला. धाकटी झरोक्याकडे बघत होती. मी तबकाकडे.

“आता तुम्ही मोकळे, जावईबापू,” मास्तर म्हणाले.

“हो, मामा.”

मागच्या वेळी त्यांना तीन दिवस लागले होते. यावेळी एक श्वास पुरला होता.

मी वर गेलो. बायको बांधलेल्या खोक्यावर बसली होती, चप्पल घालून.

“किती वाजता निघायचं उद्या?” तिने विचारलं. मग माझ्या बोटांकडे बघितलं. ओल्या कातड्याचा काळा डाग चिमटीवर होता. तिचं सगळं लहानपण त्या खोलीवरच गेलेलं, तिला डाग वाचता येतात.

“तुकडा ठेवलात?”

“हो.”

“बाबांना कळलं?”

“कळलं असेल.”

“मग म्हणाले काय?”

“म्हणाले, तुम्ही आता मोकळे.”

ती जराशी हसली. “लग्नात मला अगदी हेच म्हणाले होते.”

तिने पर्समधून तिकिटं काढली, बघितली, परत आत ठेवली. खोक्याच्या दोरीला हात लावला नाही. “राहू दे बांधलेलं,” ती म्हणाली. “बसायला बरं आहे.” चप्पलही तिने काढली नाही. मी तिच्याशेजारी बसलो. खोकं दोघांना पुरत नव्हतं, पण आम्हाला त्याची सवय आहे.

खालून झरोक्याच्या फळीवर सुरी ठेवल्याचा आवाज आला. टक्. बोधचिन्हाखालची अक्षरं बाकी होती, त्यांना ताजी धार लागते.

“जा,” ती म्हणाली.

मी उठलो. जिना उतरताना चौथ्या पायरीवर माझी मान आपोआप डावीकडे झाली. तिथे जिना डोक्यावर नसतो, पायाखाली असतो. पण हे मानेला सांगायचं कुणी?